स्थानिक कोण ठरवायचे : दाखल्याने की शाळेने?

बारावीचा निकाल लागला की गोव्यातील पालकांची धावपळ दोन दिशांनी सुरू होते. एक महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी आणि दुसरी मामलेदार कार्यालयातील वास्तव्याच्या दाखल्यासाठी. पहिल्या ठिकाणी मुलाचे गुण मोजले जातात, दुसऱ्या ठिकाणी कुटुंबाने या भूमीत काढलेली वर्षे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात या दोन्ही मोजण्यांना महत्त्व असते आणि दरवर्षी तोच प्रश्न नव्याने उभा राहतो. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत राज्यातील मुलांना अग्रक्रम असावा काय, आणि असावा तर ‘राज्यातील मूल’ कोणाला म्हणायचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी बऱ्याच अंशी दिलेले आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र प्रत्येक राज्य आपापल्या सोयीने देत आले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 मधील दोन निकालांमुळे या दुसऱ्या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले आहे.

इंदूरपासून सुरू झालेला वाद

या वादाचा आरंभ आपल्या ओळखीच्या शहरात झाला. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात तत्कालीन मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन शुल्क माफ होते, बाहेरच्यांना ते भरावे लागे. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने या भेदाला आव्हान दिले. 1955 साली डी. पी. जोशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा नियम ग्राह्य धरला. जन्मस्थान आणि वास्तव्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे न्यायालयाने मानले. राज्यघटनेच्या अनुच्छेद 15 ने जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली आहे. वास्तव्याचा उल्लेख त्यात नाही. महाविद्यालयाचा खर्च राज्य उचलते आणि तेथून बाहेर पडणारा रहिवासी डॉक्टर त्याच राज्यात सेवा देईल, ही अपेक्षा गैर नाही, असा या निकालाचा गाभा होता.

नोकरीची गोष्ट वेगळी आहे. सरकारी नोकरीबाबतच्या अनुच्छेद 16 मध्ये वास्तव्यावरून भेद करण्यासही मनाई आहे आणि त्याला अपवाद करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. सार्वजनिक चर्चेत नोकरीचे आणि प्रवेशाचे नियम एकाच पारड्यात टाकले जातात, ते याचसाठी योग्य नव्हे.

1971 मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याची दहा वर्षांच्या वास्तव्याची अटही न्यायालयाने मान्य केली. मात्र 1984 च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी या सवलतीला मर्यादा घातली. भारतात अधिवास एकच आहे, तो भारताचा. राज्याराज्यांचे वेगळे अधिवास नाहीत, हे त्या निकालाने बजावले. एमबीबीएससाठी वास्तव्यावर आधारित काही राखीव जागा चालतील, पण सगळ्या नव्हेत, अशी भूमिका त्यातून पुढे आली. त्यातूनच पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात आणि 85 टक्के राज्याकडे, ही आजची विभागणी रूढ झाली. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयही याच विभागणीत बसते.

2025 मधील दोन निकाल

पहिला निकाल 29 जानेवारी 2025 चा, तन्वी बहल खटल्यातील. चंदीगडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील पदव्युत्तर जागांचा हा वाद होता. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात वास्तव्यावर आधारित आरक्षण घटनाबाह्य आहे, असे तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने स्पष्ट केले. त्याच संस्थेत एमबीबीएस झालेल्यांना काही प्रमाणात प्राधान्य देता येईल; केवळ रहिवासी म्हणून मात्र देता येणार नाही. एमबीबीएसच्या स्तरावर काही प्रमाणात अशी सवलत चालू शकते, हेही खंडपीठाने मान्य केले.

या निकालातील स्तरांचा भेद महत्त्वाचा आहे. पहिल्या पदवीच्या वेळी विद्यार्थी सतरा-अठरा वर्षांचा असतो. घरची ऐपत, भाषा, शाळा आणि अंतर यांनी त्याचे पर्याय ठरलेले असतात. काणकोण किंवा सत्तरीतील मुलीला बांबोळी किंवा फर्मागुढी गाठणे शक्य असते. दिल्ली गाठणे प्रत्येकीला शक्य नसते. म्हणून पहिल्या पदवीला स्थानिक अग्रक्रमाचे समर्थन करता येते. विशेषज्ञ घडवण्याच्या स्तरावर मात्र प्रावीण्याचे माप अधिक काटेकोर असायला हवे.

दुसरा निकाल 1 सप्टेंबर 2025 चा, तेलंगणाचा. पात्रता परीक्षेपर्यंतची सलग चार वर्षे राज्यात शिक्षण घेतलेल्यांनाच वैद्यकीय प्रवेशात स्थानिक मानणारा तेथील नियम सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. कायमस्वरूपी रहिवाशाला केवळ बाहेर शिकल्यामुळे डावलू नये, अशी भूमिका त्याआधी उच्च न्यायालयाने घेतली होती. ती टिकली नाही. राज्याबाहेर नेमणूक झालेले सरकारी कर्मचारी, अखिल भारतीय सेवांतील अधिकारी, सैनिक आदींच्या मुलांना या अटीतून सूट देण्याची तयारी राज्य सरकारने दाखवली, ही बाब नियम तगण्याच्या दृष्टीने मोलाची ठरली. तेलंगणाच्या पाठीशी अनुच्छेद 371-डी आणि 1974 च्या राष्ट्रपती आदेशाची परंपरा आहे. ती गोव्याला नाही. तरीही कुटुंबाच्या मुळांऐवजी मुलाच्या शाळेची वर्षे मोजावीत, हा त्यामागील विचार कोणत्याही राज्याला लागू पडणारा आहे.

एकच मूल, वेगवेगळी राज्ये

आज या मोजमापात किती विसंगती आहे, हे फर्मागुढीच्या पठारावर पाहता येते. तेथील गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय राज्याचे. तेथे गोमंतकीयांना अग्रक्रम. त्याच आवारात तात्पुरती सुरू झालेली आयआयटी केंद्राची. तेथे कोणत्याच राज्याला अग्रक्रम नाही. कुंकळ्ळीच्या एनआयटीत पुन्हा तिसरा नियम. एनआयटींमध्ये निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात आणि गृहराज्य ठरते ते बारावी कोठून उत्तीर्ण झाला यावरून. अकरावी-बारावीसाठी कोट्याला गेलेला आणि तेथूनच परीक्षा दिलेला मडगावचा मुलगा एनआयटीच्या लेखी राजस्थानचा होतो. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिल्याचा दाखला त्याच्या कामी येत नाही.

शेजारी राज्यांची गणितेही निराळी आहेत. कर्नाटकात पहिली ते बारावीदरम्यान किमान सात वर्षे राज्यात शिकलेला विद्यार्थी सर्वसाधारणपणे स्थानिक धरला जातो. महाराष्ट्रात दहावी, बारावी आणि अधिवास यांची सांगड घातली जाते. सीमाभागाबाबत तर दोन्ही राज्यांचे नियम एकमेकांच्या आरशातील प्रतिमा वाटावेत असे आहेत. वादग्रस्त सीमाभागातील संस्थांतून उत्तीर्ण झालेल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्र आपल्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळ्या वर्गाखाली सामावून घेतो. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पालकांना ही तरतूद चांगलीच ठाऊक आहे. कर्नाटक तसेच अक्कलकोट, जत, गडहिंग्लज, कासरगोड भागातील कन्नड मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘गडिनाडू कन्नडिग’ म्हणून दार उघडे ठेवतो. दोन सरकारे न्यायालयात एकमेकांविरुद्ध उभी असताना त्यांच्या प्रवेश पुस्तिका मात्र एकच तत्त्व मान्य करतात. ते असे की स्थानिकपणा नकाशावरील रेषेपाशी संपत नाही.

राज्याच्या आत आणखी छोटी ‘राज्ये’ निर्माण करण्याचा मोहही झाला आहे. महाराष्ट्रात मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग करून वैद्यकीय प्रवेशासाठी लावलेले 70:30 चे सूत्र 2020 मध्ये रद्द झाले, कारण कमी महाविद्यालये असलेल्या विभागातील मुलांना त्याचाच फटका बसत होता. वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेत स्थानिक मुलांना जागा अपुऱ्या पडत असल्याच्या तक्रारीवरून 2024 मध्ये आंदोलन झाले. गुजरातची सामायिक प्रवेश व्यवस्था त्याच वर्षी लागू झाली होती. प्रवेश शहराच्या हातून राज्याच्या हाती गेला की ‘स्थानिक’ या शब्दाची व्याप्ती रातोरात बदलते, हे तेथील पालकांनी अनुभवले.

अमेरिकेचा अनुभव

हा पेच केवळ भारताचा नाही. अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठे राज्याबाहेरील विद्यार्थ्यांकडून कितीतरी अधिक शुल्क घेतात; तर्क इंदूरचाच, करदात्याच्या मुलाला सवलत. पण 2008 नंतरच्या मंदीत सरकारी अनुदान आटले, तेव्हा हेच जादा शुल्क विद्यापीठांना मोहात पाडू लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने बाहेरच्यांचे प्रवेश वाढवले, राज्याच्या लेखापरीक्षकांनी 2016 मध्ये त्यावर ताशेरे ओढले आणि 2017 मध्ये पदवी स्तरावर बाहेरच्यांसाठी साधारण 18 टक्क्यांची मर्यादा आली. टेक्सासने 1997 मध्येच निराळा मार्ग धरला. राज्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेतील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना सार्वजनिक विद्यापीठांत प्रवेशाची हमी देणारा कायदा त्या राज्याने केला. त्यामुळे आडगावची शाळा आणि शहरातील नामांकित शाळा या दोहोंच्या गुणवंतांना दार सारखेच उघडले.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा प्रयोग तामिळनाडूचा. 2020 पासून त्या राज्याने वैद्यकीय प्रवेशात 7.5 टक्के जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी राखल्या. स्थानिकांमध्येही कोणता स्थानिक, हा प्रश्न तामिळनाडूने विचारला. गोव्यात तो अजून पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

गोव्याने काय करावे?

शंभर जागांचे उदाहरण घेऊ. त्यांतील 15 अखिल भारतीय कोट्यात गेल्या, तर 85 राज्याकडे उरतात. बाहेरच्यांविरुद्धची सारी ओरड त्या 15 जागांसाठी होते. उरलेल्या 85 मध्ये शिकवणी वर्गांवर लाखो रुपये खर्च करू शकणारे किती आणि पेडणे, सांगे, धारबांदोड्याच्या सरकारी उच्च माध्यमिक विद्यालयातून आलेले किती, याची चर्चा होत नाही. खरी विषमता तेथेच असू शकते.

दुसरीकडे, आज गोव्यातील अनेक सरकारी प्राथमिक शाळांचे वर्ग स्थलांतरित कामगारांच्या मुलांमुळे टिकून आहेत. ही मुले येथेच मराठी-कोकणीत अक्षरे गिरवतात आणि येथूनच दहावी-बारावी होतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला वास्तव्याचा अखंड पुरावा जुळवणे मात्र अवघड जाते. बारा वर्षे येथे शिकलेली अशी मुलगी परकी ठरते आणि गोव्यात घर असूनही सारे शिक्षण बाहेर झालेला मुलगा दाखल्याच्या बळावर स्थानिक ठरतो. हे चित्र राज्याच्या हिताचे नाही. उद्या येथे रुग्णसेवा करण्याची शक्यता या दोघांपैकी कोणाची अधिक, याचाही विचार व्हावा.

‘मग आमच्या मुलांचे काय?’ हा प्रतिप्रश्न रास्त आहे. छोट्या राज्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकच. लोकसंख्येच्या रेट्यात आपण हरवून जाऊ, ही भीती निराधार नाही. पण या भीतीवर शालेय शिक्षणाची कसोटीच अधिक खात्रीचा उपाय आहे. प्रवेशापुरता कोणी गोव्यात येऊन सात-आठ वर्षे शाळेत बसत नाही. कागद मात्र जुळवता येतात. शाळेच्या नोंदी तपासणेही दाखल्याच्या पडताळणीपेक्षा सोपे.

त्यामुळे तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत. प्रवेशासाठी गोव्यातील शालेय शिक्षणाची वर्षे ही मुख्य कसोटी असावी आणि नोकरी-बदलीमुळे बाहेर जावे लागलेल्या कुटुंबांसाठी स्पष्ट अपवाद असावेत. नियमातील कोणताही बदल किमान दोन वर्षे आधी जाहीर व्हावा. दहावीनंतर कोठे शिकायचे हे ठरवणाऱ्या मुलाला बारावीच्या निकालानंतर नवा नियम कळणे अन्यायाचे आहे. आणि राज्य कोट्याच्या आत ग्रामीण सरकारी शाळांतून आलेल्यांसाठी काही वाटा ठेवता येईल का, हे तपासावे.

गोव्यातून दरवर्षी कितीतरी मुले पुणे, मुंबई, बेळगाव, बंगळूरला शिकायला जातात. तेथे ती बाहेरचीच असतात. त्यांना इतर राज्यांनी कोणत्या न्यायाने वागवावे असे आपल्याला वाटते, तोच न्याय आपल्या प्रवेश पुस्तिकेत असला पाहिजे. पुढील वर्षाची पुस्तिका छापण्यापूर्वी शिक्षण खात्याने एवढा विचार केला तरी पुष्कळ होईल.