दीर्घ श्वास घ्या!

हल्ली कायद्याच्या कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या पोराला पुस्तकांच्या यादीआधी उपदेशांची यादी मिळते. आठ तास झोपा. भरपूर पाणी प्या. सकाळी टेकडीवर जा. ताण आला की दीर्घ श्वास घ्या. जणू वकिली म्हणजे निव्वळ फुप्फुसांचा धंदा! (तसा तो थोडाफार आहेच, हे तालुक्याच्या कोर्टात अर्धा तास उभं राहिलेल्या कोणालाही पटेल.)

झोपेविरुद्ध माझी तक्रार नाही. झोप मला प्रिय आहे. दुपारची तर विशेष. तक्रार आहे ती पोराच्या डोक्यावर पोतं ठेवायचं आणि मान मोकळी करण्याचे व्यायाम शिकवायचे, या रीतीविरुद्ध.

आमच्या पाबळसारख्या गावातलं पोर घ्या. बारावीपर्यंत मराठीत शिकलेलं. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, मेसचा डबा खायचा, आणि पहिल्याच महिन्यात इंग्रजीतला शंभर पानी निकाल अंगावर घ्यायचा. एका हातात निकाल, दुसऱ्यात शब्दकोश. पाण्याचा तांब्या धरायला तिसरा हात आणायचा कुठून? त्यात 1 जुलै 2024 पासून 1860 ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. 511 कलमांची 358 झाली, म्हणून ओझं हलकं झालं असं समजू नका. गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर कलमं जुनीच लागतात; म्हणजे ओळख दोन्हींशी हवी. गावानं पिढ्यान्‌पिढ्या ज्याला ‘चारशेवीस’ म्हटलं, तो आता 318 चं चौथं पोटकलम झालाय. अशा माणसाला आता शिवी तरी कशी द्यायची?

हे पोर रात्री दोनपर्यंत जागतं ते बेशिस्त म्हणून नव्हे. त्याला ‘वेळेवर झोप’ सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला ‘अंग कोरडं ठेव’ सांगणं.

डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो ‘करत करत शिका’ या तत्त्वावर. वर्कशॉपमध्ये पोराचं वेल्डिंग वाकडं गेलं तर त्याला मनःशांतीचं पत्रक देत नाहीत. रॉड कसा धरायचा ते दाखवतात. काळजी घेणं म्हणतात ते हेच. मग कायद्याच्या पोराला निकाल कसा वाचायचा, त्यातलं काय सोडून द्यायचं, हे शेजारी बसून कोणी का दाखवू नये?

सर्वोच्च न्यायालयानंही जुलै 2025 मध्ये बजावलंय, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा; विद्यार्थ्यांना चारचौघांत लाजवणंही नको. कायदा शिकवणाऱ्यांनी तरी कायदा पाळायला हरकत नसावी! आणि तो समुपदेशक मराठी समजणारा असावा. माणसाला इंग्रजीत घाम फुटतो. रडू मात्र मातृभाषेतच येतं.

तेव्हा पोरांनो, जीव गुदमरला तर गप्प बसू नका, दार ठोठावा. आणि कॉलेजवाल्यांनो, दाराआड माणूस बसवा, वेळापत्रकात जेवणाला तास ठेवा, नवख्याला एखादा जुना सोबती द्या. मग खुशाल सांगा ‘दीर्घ श्वास घे’ म्हणून. तेव्हा तो घेता तरी येईल.