‘समजलें’ म्हणजे काय ?

आमच्या वडील बंधूंचा नातू सध्यां अमेरिकेंतील एका कॉलेजांत शिकत आहे. मध्यंतरीं दूरध्वनीवर तो म्हणाला, “आजोबा, आज आमच्या उत्तरपत्रिका आम्हीच तपासल्या !” चौकशीअंतीं कळलें तें असें. इंडियाना विद्यापीठानें २००० सालीं विद्यार्थ्यांच्या अध्ययन-सहभागाची एक राष्ट्रीय पाहणी सुरू केली. अमेरिका व कॅनडा येथील अनेक कॉलेजांतून पहिल्या व शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस ती भरावयास देतात. स्पष्ट लिहिणें, नीट बोलणें, चिकित्सक विचार, आंकड्यांची छाननी, इतरांबरोबर काम करणें, स्वतःचीं नीतिमूल्यें ठरविणें, जाणता नागरिक होणें अशा दहा बाबींत कॉलेजामुळें कितपत प्रगति झाली, हें विद्यार्थ्यानेंच सांगावयाचें. उत्तरें चार : पुष्कळ, बरीच, थोडी, अत्यल्प. आमच्या चिरंजीवांनीं बहुतेक ठिकाणीं ‘पुष्कळ’ नोंदवून टाकलें होतें.

आम्हांस प्रथम हसूं आलें, मागाहून मात्र वाईट वाटलें. चौतीस वर्षें आम्हीहि हीच पाहणी रोज घेत होतों. धडा संपला कीं “समजलें ना ?” असें विचारावयाचें, आणि चाळीस मुखांतून “होय, सर !” ऐकून समाधान मानावयाचें. एकदां सवर्णदीर्घ संधि शिकविल्यावर, सर्वांत मोठ्यानें ‘होय’ म्हणणाऱ्या मुलास ‘विद्यालय’ शब्द फोडावयास सांगितला. त्यानें फळ्यावर ‘विद्या अधिक लय’ असें लिहिलें. वर्ग हसला, आम्हीहि हसलों. तो खोटें बोलला नव्हता. त्यास खरोखरच समजल्यासारखें वाटलें होतें. वाटणें आणि येणें यांतील अंतर पाहण्याचें काम आमचें होतें, तें आम्ही त्याच्यावर सोंपविलें होतें. त्यानंतर वर्षभर तो वर्गांत आपण होऊन बोलला नाहीं. ती बोच आजहि आहे.

हार्वर्ड विद्यापीठांत पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर केलेला एक प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं विद्यार्थ्यांनीं कुशल अध्यापकाचें ओघवतें व्याख्यान ऐकलें. कांहींनीं त्याच विषयाचीं उदाहरणें स्वतः अडखळत सोडविलीं. आपण अधिक शिकलों, असें व्याख्यान ऐकणाऱ्यांस वाटलें. परीक्षेंत अधिक गुण मात्र अडखळणाऱ्यांस मिळाले. श्रम पडले कीं आपणांस कांहीं येत नाहीं असें वाटतें, आणि ऐकणें सोपें गेलें कीं सारें आलें असा भास होतो.

मग विद्यार्थ्यास विचारूंच नये काय ? तसें नव्हे. नीतिमूल्यांविषयीं त्याच्यावांचून दुसऱ्या कोणास विचारणार ? कॉलेजानें आपणांकडे दुर्लक्ष केलें कीं नाहीं, हेंहि त्यासच ठाऊक. मात्र त्याचें उत्तर ही त्याच्या मनाची वार्ता समजावी, विद्येचें माप समजूं नये.

आमच्या वाचकांच्या घरींहि सुटींत मुलें येतात. “अभ्यास कसा चालला आहे ?” “छान !” एवढ्यावर संभाषण संपतें. त्यापेक्षां आपण शिकलेली एखादी गोष्ट आजीस किंवा काकूंस समजावून देण्यास त्यांस सांगावें. आणि मूल अडखळलें तर कोणीं हसूं नये. येत्या रविवारीं आजीस आपला विषय मराठींत सांगावा, असें आम्हीं नातवास सुचविलें आहे. तो क्षणभर थांबून म्हणाला, “आजोबा, मग माझीं एकदोन उत्तरें ‘थोडी’ अशीं बदलावीं लागतील.”

ही त्याची खरी प्रगति, असें आम्हांस वाटलें.