बेडकाचें खरें नांव

इंग्रजी पुस्तकांत ‘बुलफ्रॉग’ हा शब्द दिसतांच आपला विद्यार्थी पहिल्या पावसांत पिवळ्याधमक होणाऱ्या शेतांतील नर बेडकाची कल्पना करितो. परंतु अमेरिकेंतील बुलफ्रॉग निराळा, आफ्रिकेंतील त्याहूनही निराळा! मराठींत तर बहुतेकांस नुसतें ‘बेडूक’ म्हणून आपण मोकळे होतों. यास्तव प्राण्याची ओळख पटविण्यास लॅटिन नांवच हवें. तेंही बदलतें, हा विद्यार्थ्यांचा आक्षेप रास्त आहे: दोदँ यानें १८०२ सालीं ‘राना टायगेरिना’ म्हटलेला आपला बेडूक आज ‘हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस’ झाला आहे. तथापि या बदलाची नोंद राहते व जुन्या नांवावरून नव्याचा माग लागतो. लोकांतलें नांवही वहींत अवश्य लिहावें. मात्र तें कोणत्या गांवीं ऐकिलें, हेंही शेजारीं लिहावें.