मित्राचे युद्ध आणि घरचे लोकमत

बलाढ्य राष्ट्र परमुलखात युद्ध आरंभते, तेव्हा ते सहसा एकटे जात नाही. जुने तह, जुने उपकार आणि समान शत्रूचे भय यांची आठवण देऊन ते आपल्या मित्रांनाही रणांगणावर बोलावते. आरंभी त्या मित्रराष्ट्रांतील जनता होकार देते. आणि एकदा मिळालेला हा होकार युद्धाच्या अखेरपर्यंत पुरेल, असा तेथील राज्यकर्त्यांचा समज होतो. हा समज किती फसवा असतो, हे व्हिएतनामच्या युद्धात ऑस्ट्रेलियाच्या अनुभवाने दाखवून दिले. त्या अनुभवाचा शांतपणे विचार व्हावा असे आम्हांस वाटते. कारण लोकमत कसे पालटते याविषयी दोन्ही बाजूंनी सोयीच्या समजुती रूढ झाल्या आहेत.

२९ एप्रिल १९६५ रोजी पंतप्रधान सर रॉबर्ट मेंझिस यांनी दक्षिण व्हिएतनामच्या विनंतीवरून पायदळाची एक पलटण तिकडे धाडीत असल्याचे जाहीर केले. ही विनंती आपणहून आलेली नव्हती, आग्रह करून मिळविलेली होती, हे पुढे कागदपत्रांवरून उघड झाले. तथापि जनतेने त्या निर्णयास जो पाठिंबा दिला तो केवळ भाबडेपणाने दिला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४२ साली सिंगापूर पडले, डार्विन बंदरावर जपानी बाँब कोसळले, आणि इंग्लंडचे छत्र आपणांस पुरे पडत नाही हे ऑस्ट्रेलियन माणसाला कळून चुकले. तेव्हापासून त्याची भिस्त अमेरिकेवर होती. १९५१ च्या संरक्षण कराराने ती कागदावर आली. आज आपण मदतीस गेलो नाही, तर उद्या आपल्या हाकेला कोण धावेल, असा त्याचा सरळ हिशेब होता.

मेंझिस यांच्यामागून आलेले हॅरॉल्ड होल्ट यांनी मार्च १९६६ मध्ये ही फौज तिपटीने वाढवून ४,५०० वर नेण्याचे ठरविले. विरोधी मजूर पक्षाचे नेते आर्थर कॉलवेल यांनी प्रारंभापासून या युद्धाला कसून विरोध केला होता. नोव्हेंबरात निवडणूक झाली, आणि १२४ जागांपैकी मजूर पक्षाच्या पदरी अवघ्या ४१ पडल्या. युद्धाच्या बाजूने यापेक्षा स्पष्ट कौल तो कोणता, असे सरकारला वाटले असल्यास नवल नाही.

परंतु या कौलाच्या पोटातच एक फट होती. मित्राला साथ द्यावी, हे लोकांना मान्य होते. सक्तीने भरती केलेली मुले त्यासाठी परदेशी धाडावी, हे बहुतेकांना मान्य नव्हते. याच देशाने पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९१६ व १९१७ साली, दोनदा सार्वमताने सक्तीची भरती नाकारली होती. आता वीस वर्षांच्या तरुणांची निवड चिठ्ठ्या टाकाव्या तशी होऊ लागली. पिंपात जन्मतारखांच्या क्रमांकांच्या गोट्या घालावयाच्या, आणि ज्या तारखेची गोटी निघेल त्या तारखेला जन्मलेल्या तरुणांनी लष्करात हजर व्हावयाचे! मतदानाचे वय त्या काळी एकवीस होते. म्हणजे ज्याला युद्धावर मत देता येत नव्हते, त्याला युद्धावर मरता मात्र येत होते. दूरच्या रानातील युद्ध या एका गोटीने घराच्या उंबरठ्याशी आणून ठेवले. पुत्रांसाठी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मातांना आरंभी हेटाळणीच सहन करावी लागली. पण त्यांचा प्रश्न हळूहळू घरोघरी विचारला जाऊ लागला.

तरीही लोकमत एका रात्रीत फिरले नाही. मे १९६७ च्या लोकमत चाचणीत ६२ टक्के लोक युद्ध चालू ठेवावे असेच म्हणत होते. १९६८ च्या आरंभी शत्रूने दक्षिणेतील शहरांवर एकाच वेळी हल्ले चढविले, आणि विजय समीप आल्याच्या घोषणांचे पितळ उघडे पडले. जून १९६९ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आपल्याच सैन्याची माघार जाहीर केली. पुढच्याच महिन्यात, आशियातील मित्रांनी आपल्या संरक्षणाचा भार प्रामुख्याने स्वतः उचलावा, असेही त्यांनी सांगून टाकले. पंक्तीला बोलावणारा यजमानच पाट उचलू लागला, तर पाहुण्याने बसून राहावयाचे कशासाठी? त्या ऑगस्टमधील चाचणीत ५५ टक्के लोकांनी सैन्य परत आणा असे सांगितले. ८ मे १९७० रोजी एकट्या मेलबर्न शहरात सत्तर हजारांहून अधिक माणसे शांततेने रस्त्यावर उतरली, ती त्यानंतर.

म्हणून केवळ मोर्चांनी युद्ध थांबविले, हे म्हणणे जसे खरे नाही, तसेच मूठभर चळवळ्यांनी जनतेची दिशाभूल केली, हे म्हणणेही खरे नाही. मोर्चेवाले जे १९६५ साली सांगत होते, ते जनतेला आपल्या अनुभवाने १९६९ साली पटले. सक्तीची भरती हे एकच कारण मानणेही पुरेसे नाही. शेजारच्या न्यूझीलंडने सक्तीने भरती केलेला एकही तरुण व्हिएतनामला पाठविला नव्हता; तरी तेथेही १९७१ साली हजारो लोकांनी माघारीची मागणी केली. आपण कशासाठी लढत आहोत, याचे उत्तर दर वर्षी बदलू लागले की लोक हिशेब मागतात, मग किंमत थोडी असो वा फार.

ऑगस्ट १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाने उरलेली फौज परत आणण्याचे जाहीर केले. डिसेंबर १९७२ मध्ये सत्तेवर येताच गॉफ व्हिटलम यांनी सक्तीची भरती बंद केली. तोवर सुमारे साठ हजार ऑस्ट्रेलियन त्या युद्धात जाऊन आले होते आणि पाचशेहून अधिक प्राणांस मुकले होते. जे परतले, त्यांतील अनेकांच्या वाट्याला उपेक्षा आली. युद्धावरचा राग युद्धावर गेलेल्यांवर निघाला. त्यांचे जाहीर स्वागत करावयास सिडनी शहराला ऑक्टोबर १९८७ उजाडावा लागला. लोकमत योग्य ठिकाणी पोचले, तरी वाटेत कोणाला तुडविते याची चाड त्याने राखलीच पाहिजे. धाडणारे एक आणि गेलेले दुसरे, हा विवेक त्या राष्ट्राला सुचावयास पंधरा वर्षे लागली, ही गोष्ट भूषणावह नव्हे.

मैत्री ही राष्ट्राराष्ट्रांत मोलाची वस्तू आहे, आणि संकटात मित्राच्या पाठीशी उभे राहण्याची वृत्तीही उदात्त आहे. परंतु मित्राला वचन देते ते सरकार, आणि ते फेडते ती जनता. फेडणाराला खरे कारण सांगितले नाही, त्याच्या मुलाचे भवितव्य पिंपातल्या गोटीवर सोपविले आणि एका निवडणुकीचा कौल कायमची सनद म्हणून मिरविला, तर दिलेला होकार तो परत घेतो. त्याला चंचलपणा म्हणू नये. ज्या सरकारांना मित्राच्या युद्धात उतरावयाचे असेल, त्यांनी पहिल्या दिवशी टाळ्या किती पडल्या हे मोजू नये. चौथ्या वर्षी एखाद्या मातेने 'कशासाठी?' असे विचारले तर आपणांपाशी उत्तर आहे काय, हे आधी पाहावे. उत्तर नसेल तर त्यांनी घरीच राहावे, हे बरे.