खोकल्याला दोन आठवडे, आवाजाला दोन वर्षं

या आठवड्यात मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावरचं लहान पोर भेटलं. गळ्याला भोक, त्यात नळी, नळी मानेला फितीने बांधलेली. त्याला बोलायचं झालं की आई नळीच्या तोंडावर बोट धरते, मग कुजबुज ऐकू येते. फायलीतला पहिला कागद दोन वर्षांपूर्वीचा: आवाज बसला. पुढचे सगळे दम्याचे. पंप, वाफ, पुन्हा वाफ. श्वास अडकला तेव्हा रातोरात गळा उघडावा लागला आणि मुंबईत दुर्बीण घातल्यावर स्वरयंत्रावर गाठींचा घोस दिसला. पॅपिलोमा.

कर्करोग नाही म्हणून बापाने डॉक्टरांना हात जोडले. पण एवढ्या पोराच्या स्वरयंत्रातली वाट काही मिलिमीटरचीच. गाठ कसलीही असो, ती वाट बुजवतेच. शिवाय ही एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांनी होते, म्हणून काढली तरी पुन्हा येते. दरवेळी भूल, दरवेळी लेझर किंवा मायक्रोडेब्रायडर. गळ्याला भोक पाडलं की गाठी खाली श्वासनळीत पसरायची भीती, म्हणून जाणकार ते शक्यतो टाळतात. इथे उशिराने दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

आता खोकल्याचं बघा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयासाठी थुंकी तपासा, हे शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही आशाताईला झोपेतून उठवून विचारा. थुंकीची डबी पाड्यावर येते, तपासणी फुकट, गोळ्या फुकट, नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला हजार रुपये. हे आभाळातून पडलं नाही. कुणीतरी एक साधा नियम केला, तो शेवटच्या घरापर्यंत नेला आणि त्याचा हिशेब ठेवला. बसलेल्या आवाजाला असा नियम आपल्याकडे पाड्यापर्यंत पोचलेलाच नाही. अमेरिकेतले कान-नाक-घसा तज्ज्ञ सांगतात, चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र डोळ्यांनी बघा. आणि श्वासाला त्रास असेल तर तेवढंही थांबू नका. आपल्याकडे शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ ३० आजारांच्या यादीत दम्यासारखा श्वासाचा आजार आहे, घोगरा आवाज नाही. मग घरघरणाऱ्या पोराला दमाच चिकटणार. गंमत म्हणून सांगत नाही, क्षयसुद्धा स्वरयंत्रात बसतो आणि आवाज घालवतो. म्हणजे स्वरयंत्र बघायची दुर्बीण जवळ आली तर क्षयवाल्यांचंही कामच होईल.

माझं चिठ्ठीचं तुणतुणं वाचकांना पाठ आहे, तरी वाजवतो. 'पुढे न्या' लिहिलेला कागद म्हणजे उपचार नव्हे. मुरबाडहून एसटीने कल्याण, शहापूरहून आसनगावला येऊन लोकल, एका दिवसाची मजुरी बुडाली, आणि तिथे पुन्हा नवी तारीख. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर गेली की तारीख हुकते, गाठ वाढते. वारंवार शस्त्रक्रिया लागणाऱ्या आजारात हुकलेली तारीख म्हणजे अडकलेला श्वास. शस्त्रक्रिया मुंबईतच व्हावी, तिथेच ते हात आहेत. पण नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालून बघायला काही मिनिटं लागतात, बहुतेकदा भूलही लागत नाही. ती दुर्बीण आणि ठरलेल्या वारी येणारा घशाचा डॉक्टर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात का नसावा?

एचपीव्हीच्या लशीबद्दलही बोललं पाहिजे. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. तिच्यात ६ आणि ११ हे दोन्ही प्रकार आहेत. हा विषाणू बहुधा बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. ऑस्ट्रेलियाने २००७ पासून मुलींना अशीच चार प्रकारांवरची लस दिली. तिथे मुलांमधल्या या गाठींच्या नव्या रुग्णांचं प्रमाण २०१२ मध्ये लाखामागे ०.१६ होतं, २०१६ मध्ये ०.०२ वर आलं. ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबरोबर या गाठींनाही आळा घालते, हे आयांना सांगा, त्या पोरींना घेऊन येतील.

तोवर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आशाताईंच्या पुढच्या बैठकीत एवढंच सांगावं: आवाज महिनाभर बसलेला असेल तर नाव लिहून घ्या आणि दुर्बिणीने बघितलं का, ते विचारत राहा.