माणूसपणाची कसोटी

हत्यार वापरणे हे केवळ माणसाचे लक्षण, असे पूर्वी मानले जाई. १९६० साली गोम्बेच्या जंगलात जेन गुडाल यांनी चिंपांझीला गवताच्या काडीने वारुळातील वाळवी काढून खाताना पाहिले आणि तो समज ढासळला. मग वेगळेपण उरते कशात?

महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत. अस्पृश्य ठरविलेल्या माणसांना मात्र मज्जाव होता. तो पशूंनी नव्हे, माणसांनीच घातला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह पाणी प्राशन करून तो मोडला. बुद्धी अन्यायाच्याही चाकरीला राबते. अन्याय ओळखून रूढी नाकारण्याचा विवेक हेच माणूसपण. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांची खरी परीक्षा गुणपत्रिकेत नाही. प्रज्ञेला शील आणि करुणेची जोड देण्यात आहे.