शेवग्याचे बी आणि कपाशीचा करपा



कपाशीच्या पानावर कोनाकोनाचे काळे डाग दिसले की कृषी केंद्रवाला कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी हातात ठेवतो. त्या पुडीत दहातले नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन. क्षयाच्या रोग्याला वर्षानुवर्षे इंजेक्शनातून देत आले तेच हे औषध. रानातही तेच आणि दवाखान्यातही तेच वापरले की जंतू निर्ढावतात. मग ते ना पिकाच्या कामाचे राहते, ना माणसाच्या. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने या औषधाचा शेतीतला वापर थांबवण्याचा मसुदा काढला. त्याला आमचा विरोध नाही. पण पुडी काढून घ्यायची तर तिच्या जागी काय द्यायचे, हा शेतकऱ्याचा सवाल आहे.

उत्तराचा एक धागा आपल्या बांधावर उभा आहे. शेवगा मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा. पण त्याच्या बियांचा एक गुण जगापुढे आला तो सुदानमधून. तिथल्या बाया नाईलच्या गढूळ पाण्यात बियांची पूड कालवून पाणी नितळ करत. ही करामत कशाची, ते 1995 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी शोधले. बियात साठवलेल्या प्रथिनांपैकी अवघ्या 60 अमिनो आम्लांची एक छोटी साखळी हे काम करते. 2003 मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी तीच साखळी प्रयोगशाळेत तयार केली, तेव्हा तिने जंतूही मारले. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे काही जंतूसुद्धा.

दोन्हींचे कारण एकच. या साखळीवर धन विद्युतभार असतो. गाळाच्या कणांवर आणि जंतूच्या कातडीवर ऋण. ती गाळाला चिकटते तेव्हा गाळ गोळा होऊन तळाशी बसतो; जंतूला चिकटते तेव्हा त्याची कातडीच फाटते. (आपल्या ज्वारीच्या दाण्यातही किडीचे पचन रोखणारी अशी छोटी प्रथिने आहेत. 1991 पासून शास्त्राला ती ठाऊक आहेत.)

म्हणून उद्यापासून शेवग्याची पूड फवारू नका. प्रयोगशाळेतली शुद्ध साखळी वेगळी आणि उखळात कुटलेली पूड वेगळी. शिवाय अशा साखळ्या तयार करायला महाग, आणि पाचक रसांपुढे लवकर तुटतात. पाण्याचेही तसेच. पूड घालून नितळलेले पाणी त्याच दिवशी आणि उकळूनच प्यावे. बियातला बाकीचा अंश पाण्यात राहतो आणि त्यावर जंतू पुन्हा वाढतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विद्यापीठाने 2012 मध्ये यावर तोड काढली: साखळी वाळूच्या कणांना चिकटवायची आणि बाकीचे धुऊन टाकायचे.

झाड आपले, जर्मनी, स्वित्झर्लंड, अमेरिका संशोधन करणार आणि आपण जरड शेंगा बांधावर टाकणार. हे किती दिवस? कडुलिंबाच्या तेलाचे युरोपातले पेटंट 1994 मध्ये दिले गेले. ते रद्द करवायला 2005 साल उजाडले. भांडण जिंकले, पण तेवढ्या वर्षांत आपल्या गावात कडुलिंबाचा एक कारखाना जास्त झाला का?

जिल्हा बैठकीत ठराव मांडायचा आहे. अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी कपाशीच्या करप्याच्या जंतूवर शेवग्याच्या प्रथिनाची चाचणी घ्यावी, आणि निकाल लागेल तसा, म्हणजे फसला तरी, मराठीत छापून द्यावा. ज्यांच्या बांधावर शेवगा आहे त्यांनी वाळलेले बी किती निघते ते मोजून बैठकीला आणावे.